सांख्यिकी आणि संभाव्यतेची उदाहरणे सोडवण्याचा सराव: आधी छेद, मग सूत्र

सहावी ते आठवीच्या गणितात सांख्यिकी आणि संभाव्यता हे घटक सोपे समजले जातात, कारण त्यांतील आकडेमोड बेरीज, भागाकार आणि अपूर्णांक यांच्या फारशी पुढे जात नाही. तरीही समीकरणे सहज सोडवणारा विद्यार्थी इथे अडखळताना दिसतो. त्याचे उत्तर तपासले, तर भागाकार बरोबर असतो आणि सूत्रही बरोबर असते. चूक त्याआधीच होऊन गेलेली असते. आपण नेमके काय मोजत आहोत आणि ते कितीपैकी मोजत आहोत, हे न ठरवताच त्याने सूत्रात संख्या भरलेल्या असतात. म्हणून या घटकांचा सराव करताना सूत्रे पाठ करण्यापेक्षा छेदात कोणती संख्या येणार हे ओळखण्यावर अधिक वेळ द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पायऱ्या त्याच हेतूने मांडल्या आहेत. प्रत्येक उदाहरण आधी स्वतः वहीत सोडवून पाहावे आणि मगच त्याचे स्पष्टीकरण वाचावे.

पहिली पायरी: उदाहरण वाचून दोन ओळी लिहिणे

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्याचे चार टप्पे सांगितले: उदाहरण समजून घेणे, सोडवण्याची योजना आखणे, ती योजना पार पाडणे आणि शेवटी मागे वळून उत्तर तपासणे. वर्गात बहुतेक सगळा वेळ तिसऱ्या टप्प्यात जातो. आपल्याला पहिला आणि चौथा टप्पा पक्का करायचा आहे, आणि त्यासाठी एक साधी शिस्त पुरते. प्रत्येक उदाहरणाखाली, काहीही सोडवण्याआधी, दोन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत ‘काय मोजायचे आहे’ आणि दुसऱ्या ओळीत ‘एकूण कोणात मोजायचे आहे’.

एका वर्गात ४० विद्यार्थी आहेत; त्यांत २२ मुली आणि १८ मुलगे. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुली १० आणि मुलगे ६ आहेत, असे समजू. आता तीन प्रश्न पाहा. वर्गातून कोणताही एक विद्यार्थी निवडला, तर ती बुद्धिबळ खेळणारी मुलगी असण्याची संभाव्यता किती? मुलींमधून एक निवडली, तर ती बुद्धिबळ खेळणारी असण्याची संभाव्यता किती? बुद्धिबळ खेळणाऱ्यांमधून एक जण निवडला, तर ती मुलगी असण्याची संभाव्यता किती? तिन्ही प्रश्नांत अंश एकच आहे, तो म्हणजे १०. छेद मात्र अनुक्रमे ४०, २२ आणि १६ आहे, म्हणून उत्तरे १/४, ५/११ आणि ५/८ अशी निघतात. प्रश्न घाईने वाचणाऱ्याला तिन्ही वाक्ये सारखीच वाटतात. दुसरी ओळ लिहिणाऱ्याला ती तशी वाटत नाहीत. वाक्यातील ‘वर्गातून’, ‘मुलींमधून’, ‘खेळणाऱ्यांमधून’ यांसारख्या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारण्याची सवय लावून घ्यावी.

शेकडेवारीच्या उदाहरणांतही हाच पेच असतो. ४० ची संख्या ५० झाली, तर वाढ २५ टक्के आहे. ५० ची पुन्हा ४० झाली, तर घट २० टक्केच आहे. फरक दोन्ही वेळा १० चाच आहे, पण पहिल्यांदा तो ४० पैकी मोजला जातो आणि दुसऱ्यांदा ५० पैकी.

दुसरी पायरी: सरासरी म्हणजे बेरीज, हे हाताला शिकवणे

मध्य, म्हणजेच सरासरी, काढता येत नाही असा विद्यार्थी क्वचितच सापडेल. अडचण येते ती सरासरी आधीच दिलेली असते तेव्हा. अशा प्रत्येक उदाहरणात सरासरीला प्राप्तांकांच्या (दिलेल्या नोंदींच्या) संख्येने गुणून एकूण बेरीज परत मिळवणे, हेच पहिले काम असते. आठ प्राप्तांकांची सरासरी १५ आहे आणि त्यांतील ७ हा प्राप्तांक चुकून १७ असा लिहिला गेला आहे, असे कळले, तर मूळ प्राप्तांक शोधत बसण्याची गरज नाही. चुकीची बेरीज १२०, बरोबर बेरीज ११० आणि बरोबर सरासरी १३.७५. उत्तर किती बदलले हेही तपासावे: बेरीज १० ने कमी झाली आणि ती घट आठ जणांत वाटली गेली, म्हणून सरासरी १.२५ ने उतरली.

दोन गटांची सरासरी एकत्र करतानाही बेरजेकडेच जावे लागते. २० विद्यार्थ्यांच्या गटाची सरासरी ६० गुण आणि ३० विद्यार्थ्यांच्या गटाची ७० गुण असेल, तर एकत्रित सरासरी ६५ नाही. एकूण गुण १२०० अधिक २१०० म्हणजे ३३००, एकूण विद्यार्थी ५०, म्हणून सरासरी ६६. मोठा गट सरासरीला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे उत्तर ६५ आणि ७० यांच्या दरम्यान येणार, हे आकडेमोडीच्या आधीच सांगता यायला हवे. असा आधीचा अंदाज वहीत लिहून ठेवणे हा सरावाचाच भाग समजावा.

मध्यकाच्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या प्राप्तांकांतील मधल्या संख्येच्या, बाबतीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावावी लागते, ती म्हणजे प्राप्तांक आधी चढत्या क्रमाने मांडणे. १२, ७, ९, १५, ७, २०, १० हे प्राप्तांक क्रमाने लावले की ७, ७, ९, १०, १२, १५, २० असे होतात. मध्यक १०, बहुलक (सर्वाधिक वेळा येणारा प्राप्तांक) ७ आणि मध्य ८० ÷ ७ म्हणजे सुमारे ११.४. आता यातील २० च्या जागी ५५ घालावेत. मध्यक आणि बहुलक जागचे हलत नाहीत, मध्य मात्र सुमारे १६.४ होतो आणि तो सातपैकी सहा प्राप्तांकांपेक्षा मोठा ठरतो. कोणते परिमाण केव्हा वापरावे, असा प्रश्न परीक्षेत आला की पाठ केलेल्या वाक्याऐवजी असा एखादा प्राप्तांक बदलून पाहावा. उत्तर आपोआप समोर येते.

तिसरी पायरी: वारंवारता सारणी सावकाश वाचणे

या घटकातील सर्वाधिक चुका, माझ्या मते, वारंवारता सारणीत, म्हणजे कोणता प्राप्तांक किती वेळा आला हे दाखवणाऱ्या तक्त्यात, होतात, म्हणून एकच सारणी घेऊन तिच्यावर बराच वेळ घालवणे योग्य ठरेल. ३० विद्यार्थ्यांनी एका महिन्यात किती पुस्तके वाचली, याची नोंद अशी आहे: एकही न वाचणारे ३ विद्यार्थी, १ पुस्तक वाचणारे ७, २ वाचणारे ९, ३ वाचणारे ६, ४ वाचणारे ३ आणि ५ वाचणारे २.

मध्य काढण्यासाठी प्रत्येक प्राप्तांकाला त्याच्या वारंवारतेने गुणायचे: ०, ७, १८, १८, १२ आणि १०. त्यांची बेरीज ६५. ही ६५ पुस्तके ३० विद्यार्थ्यांत वाटली, म्हणून मध्य सुमारे २.१७. इथे दोन चुका ठरलेल्या आहेत. काही जण ० ते ५ या सहा संख्यांचीच सरासरी काढून २.५ लिहितात, त्यांनी विद्यार्थी मोजलेच नाहीत, फक्त सारणीच्या ओळी मोजल्या. काही जण ६५ ही बेरीज बरोबर काढतात, पण सारणीत सहा ओळी दिसतात म्हणून ६ ने भागतात आणि १०.८ असे उत्तर लिहून पुढे जातात. एकाही विद्यार्थ्याने ५ पेक्षा जास्त पुस्तके वाचलेली नसताना सरासरी १०.८ कशी येईल? मध्य नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या प्राप्तांकांच्या दरम्यानच असतो, ही एकच कसोटी लावली तरी ती चूक जागेवर सापडते. पोल्या यांचा चौथा टप्पा म्हणजे हेच.

त्याच सारणीचा बहुलक २ आहे, ९ नाही. ९ ही त्याची वारंवारता आहे. मध्यकासाठी सारणीतील मधली ओळ पाहायची नसते, तर ओळीत उभ्या केलेल्या ३० विद्यार्थ्यांपैकी पंधरावा आणि सोळावा शोधायचा असतो. वारंवारता वरून खाली मिळवत गेले तर ३, १०, १९ अशा बेरजा मिळतात. अकरावा ते एकोणिसावा विद्यार्थी २ पुस्तके वाचणारा आहे, म्हणून मध्यकही २. शून्य पुस्तके वाचणाऱ्यांचा गुणाकार शून्य येतो म्हणून ती ओळच गाळून टाकणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. बेरजेत त्या तिघांचे काही येत नाही हे खरे, पण छेदात ते हजर असतात.

हीच सारणी वृत्तालेखात मांडून पाहावी. पूर्ण कोन ३६० अंशांचा, विद्यार्थी ३०, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला १२ अंश. केंद्रीय कोन अनुक्रमे ३६, ८४, १०८, ७२, ३६ आणि २४ अंश येतात. त्यांची बेरीज ३६० होते का, हे पाहिल्याशिवाय कोनमापक हातात घेऊ नये.

चौथी पायरी: आलेखाकडे संशयाने पाहणे

स्तंभालेख आणि वृत्तालेख यांचा वापर विल्यम प्लेफेअर यांनी अनुक्रमे १७८६ आणि १८०१ मध्ये केला. आलेख काढण्याचा सराव पुस्तकांत भरपूर असतो. वाचण्याचा कमी असतो. स्तंभालेख समोर आला की सर्वप्रथम उभा अक्ष कुठून सुरू होतो ते पाहावे. अक्ष ९० पासून सुरू केला, तर ९५ आणि १०० या किमतींचे स्तंभ ५ आणि १० एककांचे होतात आणि दुसरा पहिल्याच्या दुप्पट दिसतो, प्रत्यक्षात वाढ फक्त ५.३ टक्क्यांच्या आसपास असते. दोन वृत्तालेखांची तुलना करताना प्रत्येकाची एकूण संख्या किती, हे विचारल्याशिवाय ‘इथे जास्त मुले आहेत’ असे विधान करू नये; लहान गटातील अर्धे वर्तुळ मोठ्या गटातील पाव वर्तुळापेक्षा कमी मुलांचे असू शकते.

पाचवी पायरी: संभाव्यतेत आधी यादी करणे

दोन नाणी फेकली असता किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता किती? अठराव्या शतकातील नामवंत फ्रेंच गणितज्ञ द’आलांबेर यांनी १७५४ मध्ये याचे उत्तर २/३ असे दिले होते. त्यांचा युक्तिवाद असा: पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसरी फेक पाहायचे कारण नाही, म्हणून ‘छापा’, ‘काटा व मग छापा’ आणि ‘काटा व मग काटा’ अशा तीनच शक्यता उरतात आणि त्यांतील दोन अनुकूल आहेत. तीन शक्यता आहेत हे खरे, पण त्या समसंभाव्य नाहीत. पहिली शक्यता उरलेल्या दोन्हींपैकी कोणत्याहीपेक्षा दुपटीने संभवते. चारही निष्पत्ती, म्हणजे छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा, लिहून काढल्या की उत्तर ३/४ असल्याचे दिसते. अपूर्णांक लिहिण्याआधी नमुना अवकाश (सर्व शक्य निष्पत्तींची यादी) पूर्ण लिहावा आणि त्यातील प्रत्येक निष्पत्ती सारख्याच सहजतेने घडू शकते का, हे स्वतःला विचारावे.

गंमत अशी की या प्रश्नाची गुरुकिल्ली शंभर वर्षे आधीच सापडली होती. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात अर्धवट राहिलेल्या खेळाचा प्रश्न चर्चिला गेला. दोन तुल्यबळ खेळाडूंनी प्रत्येकी ३२ नाणी लावली आहेत. तीन डाव आधी जिंकेल त्याला सगळी मिळणार, पण पहिला २ आणि दुसरा १ डाव जिंकला असताना खेळ थांबवावा लागला. नाणी कशी वाटायची? पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर खेळ तिथेच संपेल, तरीही फर्मा यांच्या रीतीने आणखी दोन डाव खेळले गेले असे मानायचे आणि चार समसंभाव्य निष्पत्ती लिहायच्या. त्यांपैकी फक्त एकीत, म्हणजे दोन्ही डाव दुसऱ्याने जिंकले तरच, पहिला हरतो. म्हणून वाटणी ४८ आणि १६. विद्यार्थ्यांनी हे उदाहरण स्थिती बदलून करावे: पहिल्याला एक डाव हवा आणि दुसऱ्याला तीन हवेत, तर निष्पत्ती आठ होतात आणि पहिल्याचा वाटा ७/८ येतो.

दोन फाशांच्या उदाहरणांसाठी सहा ओळी आणि सहा स्तंभांचा चौकोन आखून प्रत्येक घरात बेरीज लिहावी. ३६ घरांत ७ ही बेरीज सहा वेळा आणि ८ ही पाच वेळा दिसेल. ८ साठी (३, ५) आणि (५, ३) ही दोन वेगळी घरे आहेत, तर (४, ४) हे एकच, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा विसरले जात नाही. हाच मुद्दा गॅलिलिओ यांच्यासमोर तीन फाशांच्या रूपात आला होता. ९ ही बेरीज देणारे अंकांचे गट सहा आणि १० देणारे गटही सहाच. मग खेळणाऱ्यांना १० ही बेरीज ९ पेक्षा किंचित जास्त वेळा पडताना का दिसते? क्रम लक्षात घेऊन मोजल्यास तिन्ही अंक वेगळे असलेला गट ६ प्रकारे, दोन सारखे असलेला ३ प्रकारे आणि तिन्ही सारखे असलेला एकाच प्रकारे पडतो. एकूण २१६ पैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ निष्पत्ती येतात. दोन्ही याद्या स्वतः करून पाहणे हा आठवीच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम गृहपाठ आहे.

सहावी पायरी: परत ठेवणे, न ठेवणे आणि ‘किमान एक’

पिशवीत ५ लाल आणि ३ निळ्या गोट्या आहेत. एकापाठोपाठ एक अशा दोन गोट्या न पाहता काढल्या. पहिली परत टाकली असेल, तर दोन्ही लाल असण्याची संभाव्यता ५/८ × ५/८ = २५/६४; परत टाकली नसेल, तर ५/८ × ४/७ = २०/५६ म्हणजे ५/१४. दुसऱ्या प्रकारात फक्त अंशातून एक वजा करून छेद ८ चाच ठेवण्याची चूक फार होते. त्यावर उपाय असा की वृक्षाकृतीच्या (प्रत्येक टप्प्यावरील शक्यता फांद्यांनी दाखवणाऱ्या आकृतीच्या) प्रत्येक फांदीवर संभाव्यता लिहिण्याआधी, त्या क्षणी पिशवीत उरलेल्या गोट्या लिहाव्यात: ‘४ लाल, ३ निळ्या, एकूण ७’. मग छेद चुकायला जागाच राहत नाही.

चारही फांद्यांच्या शेवटी मिळणारे अपूर्णांक, दोन्ही लाल २०/५६, लाल-निळी १५/५६, निळी-लाल १५/५६ आणि दोन्ही निळ्या ६/५६, यांची बेरीज १ यायलाच हवी. ‘किमान एक निळी’ असे विचारले असता तीन फांद्यांची बेरीज करता येते, पण ‘एकही निळी नाही’ ही पूरक घटना १ मधून वजा करणे सोपे: १ − ५/१४ = ९/१४. दोन्ही मार्गांनी तेच उत्तर येते का, हे सुरुवातीला प्रत्येक वेळी पाहावे.

सातवी पायरी: प्रत्यक्ष प्रयोग करणे

कागदावरची संभाव्यता आणि प्रत्यक्षातील वारंवारता यांचा संबंध नाणे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. जॉन केरिच या गणितज्ञांनी दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये कैदेत असताना नाणे १०,००० वेळा उडवून नोंद ठेवली आणि छापा ५,०६७ वेळा आला. कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या २४,००० फेकींत तो १२,०१२ वेळा आला. विद्यार्थ्याने १०० फेकी केल्या तरी पुरे. मात्र दर दहा फेकींनंतर तोपर्यंतच्या एकूण फेकींपैकी छापे किती, हा अपूर्णांक दशांशात लिहावा आणि त्याचा रेषालेख काढावा. सुरुवातीला रेषा बरीच वरखाली होते आणि पुढे सहसा ०.५ च्या आसपास स्थिरावू लागते. सलग पाच काटे आले तर सहाव्या फेकीत छापा ‘यायलाच हवा’ असे वाटते, पण नाण्याला मागचे काही आठवत नाही. गुणोत्तर ०.५ कडे सरकते ते मागची तूट भरून निघते म्हणून नव्हे, तर छेद वाढत गेल्याने ती तूट नगण्य होते म्हणून.

आठवी पायरी: उदाहरणे उलटी करणे आणि मिसळणे

घटक चांगला समजल्याची खरी परीक्षा उलट उदाहरणात होते. पाच नैसर्गिक संख्या अशा शोधा, की त्यांचा मध्य ८, मध्यक ७ आणि बहुलक फक्त ५ असेल. बेरीज ४० हवी. चढत्या क्रमात तिसरी संख्या ७ आहे. बहुलक ५ असल्यामुळे ५ किमान दोनदा यायला हवेत आणि ७ च्या आधी दोनच जागा आहेत, म्हणून पहिल्या दोन संख्या ५ आणि ५ ठरल्या. उरलेल्या दोघींची बेरीज २३. त्यांतील एकही ७ असू शकत नाही, कारण मग ७ सुद्धा दोनदा येऊन दुसरा बहुलक ठरेल. म्हणून ८ व १५, ९ व १४, १० व १३ किंवा ११ व १२. उत्तरे चार आहेत, आणि ‘एक उत्तर मिळाले की थांबायचे’ ही सवय मोडण्यासाठी अशी उदाहरणे फार उपयोगी पडतात.

रोजच्या सरावासाठी अर्धा तास आणि पाच उदाहरणे पुरेशी आहेत, पण ती एकाच प्रकारची नसावीत. मध्यकाची दहा उदाहरणे ओळीने सोडवताना प्रत्येक वेळी मध्यकच काढायचा हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे रीत निवडण्याचा सराव होतच नाही. पहिले दोन-तीन दिवस एक प्रकार पक्का केल्यानंतर सारणी, आलेख, फासे आणि गोट्या यांची उदाहरणे मिसळून घ्यावीत.

चुकलेल्या उदाहरणांची वेगळी वही ठेवावी. तिच्यात पूर्ण उत्तर पुन्हा उतरवून काढण्यात काही अर्थ नाही. चूक कोणत्या ओळीत झाली, एवढेच एका वाक्यात लिहावे: ‘६ ने भागले, विद्यार्थी ३० होते’ किंवा ‘दुसऱ्या गोटीसाठी छेद ८ च ठेवला’. आठवड्याने तेच उदाहरण संख्या बदलून स्वतःच तयार करावे आणि नोंद न पाहता सोडवावे. पुन्हा तीच चूक झाली तर आणखी पाच उदाहरणे सोडवण्याची घाई न करता दोन ओळी लिहिण्याच्या पहिल्या पायरीवर परत यावे आणि त्या आठवड्यात फक्त त्या दोन ओळीच लिहाव्यात, उत्तर न काढता.